तीन लेकरं पुरलेले हात

त्या वर्षी श्रीघोंगडीनाथ महाराजांचा मुक्काम बोरसावळीच्या महादेवाच्या देवळात होता. देवळाचं अंगण झाडायला ठकूबाई यायची. तिची तीन मुलं जन्मताच गेली होती. तेव्हापासून गावानं तिला बारशाला बोलावणं सोडलं होतं. पाटलीण सुंदराक्का तर ती समोरून आली की लेकीसुनांना आत घ्यायची. देवानं मला हे का दाखवलं, असं ठकूनं एकदा महाराजांना विचारलं. महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बाई, उत्तर मलाही ठाऊक नाही. पण जे पाहिलंस ते विसरू नकोस." विसरणं तिच्या हातात तरी कुठं होतं!

पाटलांची लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या त्याच दिवशी नदीला पूर आला आणि सुईण पलीकडेच अडकली. दीड दिवस पोर तळमळत होती. शेवटी पाटील अंगारा मागायला देवळात धावले.

महाराज म्हणाले, "अंगारा राहू द्या. ठकूला न्या."

सुंदराक्का दारातच आडवी आली. "तीन पुरल्यात तिनं. ती नगं." पण आतून लेकीची किंकाळी ऐकू आली, आणि आईचा तोरा गळून पडला.

बाळ आलं ते निळं, निपचित. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. ठकूनं तो सोडवला. लवकर नाळ काप, म्हणून सुंदराक्का ओरडत होती. ठकूनं नाळ बोटांत धरून पाहिली. तिच्या तिन्ही बाळंतपणांत हीच घाई झाली होती. तिसऱ्या वेळी तर कापण्याआधी नाळेतली धुगधुग तिच्या स्वतःच्या बोटांना लागली होती.

"नाळंत जीव हाय अजून. रडल्याबिगर कापायची न्हाई," ती म्हणाली.

नाळेच्या दुसऱ्या टोकाची वार बाहेर पडताच तिनं ती कढत पाण्यात धरली आणि त्या उबेनं जीव बाळाकडे सरकावा म्हणून नाळ हलकेच त्याच्याकडे चोळत राहिली. पाण्याला हात लावणं अशक्य, पण तिचे हात भाजेनात! महाराजांचं नाव घेत ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं बाळाचे ओठ हलले, आणि ते रडलं.

महाराज देवळातून हलले नव्हते. बाराव्या दिवशी सुंदराक्का नातवाला पायांवर घालायला गेली, तेव्हा त्यांच्या दोन्ही तळव्यांवरचे भाजल्याचे फोड अजून सुकले नव्हते. तिनं बाळ पुन्हा उचलून छातीशी धरलं.

महाराज म्हणाले, "आक्का, मी फक्त चटका घेतला. वाचवलं ते तिच्या दुःखानं."

सुंदराक्का उठली. अंगणात जाऊन तिनं ठकूला खाली बसवलं, बाळ तिच्या ओटीत ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. ठकू बाळाची छाती चाचपत राहिली.

"आक्का, माजी पन अशीच निळी हुती," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत रडली.