कावळ्याच्या माथी मारलेला खोपा

ज्या जंगलात काहीही नाहीसे झाले की आया आपल्या पिल्लांना ‘काऊने नेले’ असे बिनदिक्कत सांगत, नेमक्या त्याच जंगलात एक कावळा राहत असे. तो स्वभावाने तापट होता; पण मुलांनो, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुमचेही डोके तापले असते. खारीच्या पिल्लाने आणखी एक बोर मागितले, की खार दोन्ही गालांत बोरे कोंबून म्हणे, “संपली रे, काऊने नेली!” सशाच्या पिल्लाचा शिंपला आईच्याच पायाखाली फुटला, तरी नाव कावळ्याचे. आता कावळा कधी कधी खरेच काहीबाही पळवत असे, नाही असे नाही. पण जे नेलेच नाही त्याचा आळ त्याने का सोसावा? तरी तो बिचारा दोन-चारदा काव काव करी आणि गप्प बसे.

त्या उन्हाळ्यात मात्र प्रकरण गळ्याशी आले. शेजारच्या झाडावर वानरांची टोळी उतरली होती. तिच्यातल्या एका वानरीच्या पिल्लाकडे सुगरणीचा जुना खोपा होता. त्याचे गवत सुटले होते, त्याला आंबूस वास येई, पण त्यात तोंड खुपसल्याशिवाय पिल्लाचा डोळा लागत नसे. एका हातात खोपा धरून आणि दुसऱ्या हाताने फांदी पकडत उड्या मारताना ते दोनदा पडता पडता वाचले होते. आणि आता चार-आठ दिवसांत टोळी ओढ्यापलीकडच्या उंबरांवर जायची होती. ओढ्यावरची उडी लांब होती, खाली खडक होते. एका दुपारी पिल्लू झोपलेले पाहून आईने खोपा हळूच काढला आणि झाडाच्या ढोलीत दडपला. पिल्लू उठून रडू लागले, तशी ती वर बोट दाखवून म्हणाली, “काऊने नेला हो, बाळा.”

पिल्लाने ते खरे मानले. आईचा शब्द खरा मानू नये, हे त्याला अजून कोणी शिकवले नव्हते. ते डोळे पुसत थेट कावळ्याच्या झाडावर चढले. तिथे कावळी तीन अंडी उबवत बसली होती. “माझा खोपा दे!” असे ओरडत पिल्लाने घरट्यात हात घातला आणि काड्या उपसायला सुरुवात केली. अर्धे घरटे खाली गेले. एक अंडे कडेपर्यंत घरंगळले, ते कावळीने पंखाने कसेबसे आत ओढले. इतक्यात कावळा परतला. तो चोच उगारून पिल्लावर झेपावला, पण त्याचे रडवेले तोंड पाहून थबकला. “कोणी सांगितले तुला, मी नेला म्हणून?” त्याने विचारले. “आईने,” पिल्लू म्हणाले.

मग कावळ्याचा राग योग्य पत्त्यावर गेला. वानरीसमोरच्या फांदीवर बसताच त्याला ढोलीतून डोकावणारे खोप्याचे गवत दिसले आणि तो कडाडला, “वानरीबाई, ढोलीत खोपा कोणी कोंबला? मी?”

वानरी ओशाळली. “अहो कावळेदादा, लहान लेकराला असंच काहीतरी सांगावं लागतं. सगळेच सांगतात.”

“सगळे सांगतात! आणि घरटं कोणाचं मोडतं? उद्या ते पुन्हा वर येईल. माझ्या अंड्यांचा कपाळमोक्ष झाला, तर तो कोणी केला म्हणून सांगाल?”

“पण खरं सांगितलं तर ते केवढं रडेल!”

“रडू दे की! तुमच्या लेकराचं रडणं तुम्हाला ऐकवत नाही, म्हणून त्याला माझ्या घरी पाठवता? अहो, त्या एवढ्याशा जिवाला फसवताना लाज कशी वाटली नाही तुम्हाला?”

वानरीने ढोलीतून खोपा काढला आणि पिल्लापुढे धरला. “मीच लपवला होता,” ती म्हणाली. “ओढ्यावर उडी मारायला दोन हात लागतात. तू पडशील, या भीतीने मी लपवला आणि काऊचं खोटंच नाव घेतलं.” पिल्लू रडले. आईला चावले. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पाठ करून बसले. वानरीने ते सारे सोसले, आणि सोसायलाच हवे होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “खेळताना खोपा कुठे ठेवायचा, तूच सांग.” पिल्लाने बराच विचार करून एक बेचके दाखवले. तिथे खोपा ठेवून ते एक उडी मारी, धावत येऊन त्याला हुंगी आणि पुन्हा जाई. पुढे तीन उड्यांनंतर येऊ लागले, मग दहा. एका दुपारी तर भूक लागेपर्यंत आलेच नाही. कावळ्यानेही तेवढ्या दिवसांत घरटे सांधून घेतले.

निघायच्या सकाळी पिल्लाने खोपा स्वतःच बेचक्यात ठेवला, दोनदा मागे पाहिले आणि दोन्ही हात पसरून उडी घेतली. पलीकडची फांदी त्याने घट्ट पकडली. कावळाही मागोमाग उडत गेला. वानरीवर त्याचा अजून काडीचा विश्वास नव्हता. दुपारी उंबराच्या सावलीत झोप येऊ लागली, तसे पिल्लू हातांनी आजूबाजूला चाचपू लागले. “आई, खोपा कुठाय?” वानरीने वर पाहिले. कावळा समोरच बसला होता, आणि जुने उत्तर तिच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले. “पलीकडेच राहिला, राजा. तू ठेवलास तिथेच आहे. आपण तो आणणार नाही.” पिल्लाने ओठ काढले. ते थोडा वेळ मुसमुसले, मग आईच्या शेपटीचे टोक मुठीत धरून झोपी गेले. झोपेत आपले काही कोणी काढून नेईल, ही भीती आता त्याला उरली नव्हती.

तात्पर्य : लहानग्याची जिवाभावाची वस्तू सोडवायचीच असेल, तर मोठ्यांनी खरे सांगावे आणि त्याचे रडणे स्वतः सोसावे, कारण खोटे बोलून वस्तू सुटते, पण तिच्याबरोबर विश्वासही सुटतो, आणि भुर्दंड भलत्याच्याच घरट्याला पडतो.