पिसांचा गोळा

तळे एकच होते, पण त्याच्या मधून काट्यांचे कुंपण गेले होते. अलीकडच्या बाजूला साळिंदरांचे राज्य होते. कुंपण त्यांच्याच काट्यांचे. अंगावरून झडलेले काटे ती आणून त्यात खोचत, त्यामुळे कुंपण दरवर्षी थोडे वाढत असे. पलीकडे काय आहे ते अलीकडच्यांना वाऱ्यावरून येणाऱ्या वासानेच कळे. तिकडून पिकल्या भाताचा वास येई. अलीकडे चिखल होता, शेवाळ होते, आणि सगळ्यांना सारखेच मिळणारे धान्य होते. कुणी उपाशी मरत नसे. कुणी उडतही नसे, कारण पिल्लू अंड्यातून बाहेर आले की साळिंदरे त्याच्या पंखांची टोके छाटत. "म्हणजे वाऱ्याचा त्रास होत नाही," असे ती आयांना सांगत.

या राज्याकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती. ती म्हणजे सारसींचा खेळ.

दोन बाभळींच्या मध्ये वेलींची जाळी बांधलेली असे. जाळीच्या एका अंगाला सहा सारसी, दुसऱ्या अंगाला सहा. मध्ये एक पांढरा गोळा. आत वेताची चौकट आणि वरून सारसींच्या छातीची मऊ पिसे थापलेली. गोळा जमिनीला लागू द्यायचा नाही. तीन वेळा स्पर्श झाला की तो जाळीपलीकडे गेला पाहिजे. एकीने लागोपाठ दोनदा शिवायचे नाही. आणि धरायचा तर कधीच नाही. गोळा पहिल्यांदा मारायची पाळी जिंकून परत घेतली की सगळ्यांनी एक जागा सरकायचे, म्हणजे कोणतीही जागा कुणाचीच राहत नसे.

खेळून खेळून गोळा झिजे. मग हंगामाच्या शेवटी प्रत्येक सारस आपल्या छातीची चिमूटभर पिसे उपटून त्यावर लावी. जी म्हातारी होऊन गेली, जी आजारी पडून गेली, तिचीही पिसे आत कुठल्या तरी थरात असत.

भुरकीला साळिंदरांनी घरट्यातून नेले, तेव्हा तिच्या पाठीला अंड्याचे टरफल अजून चिकटलेले होते. त्या दिवसांत साळिंदरे घरोघर जाऊन पिल्लांचे पाय मापत. भुरकीचे पाय लांब निघाले.

"परत कधी आणाल हिला?" आईने विचारले.

"आणू की," साळिंदर म्हणाले. "पोर आता राज्याची आहे, बाई. तुम्ही काळजी सोडा."

आई बराच वेळ घरट्याच्या कडेला उभी होती. भुरकीला आईचे तेवढेच आठवे. चेहरा नाही, नुसते उभे राहणे.

मैदानावर तिला सारजा भेटली. सारजा राज्याकडून खेळणाऱ्या सहाजणींतली सगळ्यांत थोरली. गोळा कुणाकडे उचलून द्यायचा ते तीच ठरवी. पहिल्याच दिवशी भुरकीने गोळा दोन्ही पंखांत घट्ट पकडला. इतका मऊ होता की तिला सोडवेना.

"सोड," सारजा म्हणाली.

"थोडा वेळ, अक्का."

"थोडाही नाही. पंखात धरलास तरी तो पडल्यातच जमा. आला की दे. पुन्हा येतो की नाही बघ."

भुरकीने दिला. तो परत आला. तिने पुन्हा दिला. संध्याकाळपर्यंत ती आई विसरली, निदान त्या दिवसापुरती.

या खेळाचा गुरू होता ढोक. त्याला सगळ्या ढोकतात्या म्हणत. चोच लांब, बोलणे गोड, डोळा सगळ्यांवर. रोज सकाळी तो सगळ्यांना ओळीने उभे करून प्रत्येकीच्या चोचीत एकेक निळा दाणा घाली आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

"हे काय असतं हो, तात्या?" भुरकीने एकदा विचारले.

"तळ्याच्या तळाशी उगवतं. ताकदीचं आहे."

"मग तुम्ही का नाही खात?"

"मला कुठं उड्या मारायच्यात, पोरी!"

सगळ्या हसल्या. भुरकीही हसली आणि तिने दाणा गिळला.

दाण्यांनी पाय खरोखर उचलू लागले. सारसी जाळीच्या वर जाऊन गोळा असा खाली मारीत की पलीकडच्यांना नुसती धूळ उडालेली दिसे. आसपासच्या सगळ्या तळ्यांवर त्या जिंकल्या. जिंकल्याचे बक्षीस म्हणून लाकडी वाडगे मिळत. साळिंदरे ते बाभळीला टांगत. त्यांत कधी कुणी जेवले नाही.

आवाज मात्र जाड होऊ लागले. सारसीची हाक लांबवर स्वच्छ ऐकू जाते. भुरकीच्या गळ्यातून एक दिवस काहीतरी घोगरे बाहेर पडले.

"म्हशी आल्या वाटतं पाण्यावर," शेजारची म्हणाली.

"तू बोलून बघ ना जरा," भुरकी म्हणाली.

ती बोलली. तिचाही तसाच निघाला. मग दोघींनी तो विषय काढला नाही.

कुंपणापलीकडे खेळायला जायची परवानगी त्यांना होती, मागे साळिंदरे घेऊन. तिकडच्या सारसींचे पंख पूर्ण होते. खेळ संपल्यावर त्यांच्यातली एक जवळ आली आणि म्हणाली, "तुमच्या पंखांना काय झालं गं?"

सारजाच्या पाठीशी काट्यांचा सळसळ आवाज झाला.

"आम्हाला असेच आवडतात," सारजा म्हणाली.

भुरकीला एकच हवे होते. बाभळींपासून थोडे दूर, उथळ पाण्यातल्या लव्हाळ्यात तिने एक जागा बघून ठेवली होती. जाता येता ती तिथे एखादी काडी टाकी. तात्यांना तिने पहिल्यांदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "हा एक हंगाम होऊ दे." पुढच्या वेळीही तेच म्हणाले. काड्यांचा ढीग पाण्याच्या वर आला तरी तात्यांचा हंगाम संपेना. शेवटी ते म्हणाले, "पलीकडच्या मोठ्या जत्रेतला वाडगा आणा. मग घाल अंडी, हवी तेवढी."

तो वाडगा त्यांनी आणला. सगळ्यांत मोठा. शेवटचा गोळा भुरकीनेच मारला.

तिची जोडी एका शांत स्वभावाच्या नराशी जमली. तिने एक अंडे घातले. दोघे आळीपाळीने बसत. ती ते वरचेवर चोचीने उलटी, म्हणजे ऊब सगळीकडून लागावी. दिवस भरले, भरून गेले. नर काही दिवस बसला, मग यायचा बंद झाला. भुरकी बसूनच राहिली. खेळाला आली नाही म्हणून सारजा शोधत आली. तिने अंडे चोचीत हलके उचलून सूर्यासमोर धरले. आरपार उजेड दिसला. आत काही नव्हते, एक रेघसुद्धा नाही.

"गार आहे गं हे," सारजा म्हणाली.

"उद्या बघू."

"भुरके."

"उद्या बघू म्हटलं ना, अक्का."

सारजा तिच्याजवळ पाण्यात खाली बसली. ती म्हणाली, "माझी दोन गेली. मी कुणाला सांगितलं नाही." मग तिने बाकीच्या चौघींची नावे घेतली, एकेक करून, आणि प्रत्येक नावानंतर मान हलवली.

पुढच्या हंगामातही भुरकीचे अंडे तसेच निघाले. त्यानंतर तिने लव्हाळ्यात काडी टाकली नाही.

मग एका सकाळी कुंपण पडले. कुणी पाडले म्हणावे तर तसे काही नाही. आतून कुजले होते, वाऱ्याने गेले. त्याच सुमारास साळिंदरांचे काटेही झडले, आणि काट्यांवाचून ती इतकी साधी दिसू लागली की ओळखू येईनात. त्यांतली काही पलीकडच्या घुशींकडे बिळे राखायला लागली.

ढोकतात्या घाईघाईने चिखलात काहीतरी पुरत होते. तिथले पाणी निळे झाले. सारजा आणि भुरकी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला जे दिलं ते मी तुम्हाला दिलं," तात्या म्हणाले. "मला तरी काय माहीत?"

"आम्ही विचारलं होतं तुम्हाला," भुरकी म्हणाली.

"वाडगे मिळाले ना? तेव्हा गोड लागत होतं सगळं!"

"तुम्हाला माहीत नव्हतं," सारजा शांतपणे म्हणाली, "तर गिळेपर्यंत समोर उभे का राहत होता?"

तात्यांना पंख होते, पूर्ण होते. ते उडून गेले.

ज्यांचे पंख नुकते छाटलेले होते त्यांची टोके पुन्हा वाढली, आणि त्या तरुण सारसी भाताच्या वासामागे निघून गेल्या. सारजा आणि भुरकीची टोके वाढली नाहीत. मैदानात गवत माजले. जाळीच्या वेली वाळल्या.

"आता काय?" भुरकीने विचारले.

सारजाने गोळा उडवून तिच्याकडे दिला. "आला की दे," ती म्हणाली.

त्या दोघींनी नव्याने कळप उभा केला. दूरदूरच्या तळ्यांवरून पोरी आल्या, बोली वेगळ्या, पंख पूर्ण. भुरकी त्यांना शिकवू लागली. दाणा तिने कुणाला दिला नाही. पहाटे स्वतः मासे धरून आणी आणि पोरींसमोर टाकी.

"यात काय आहे, मावशी?" चिमी नावाची एक चुणचुणीत पोर होती, तिने विचारले.

भुरकीने आधी एक मासा स्वतः खाल्ला. "काटे आहेत," ती म्हणाली. "बघून खा."

या पोरी तेवढ्या उंच उड्या मारत नसत, तरी जिंकत. बाभळीवर नवे वाडगे चढले. सारजा म्हातारी झाली आणि एका थंडीत गेली. हंगाम नसतानाही भुरकीने तिच्या छातीची थोडी पिसे घेऊन गोळ्यावर बसवली, आणि त्यांवर पोरींकडून त्यांची लावून घेतली.

पण पोरींना पोसायचे तर नुसत्या माशांवर भागेना. धान्य आता घुशींच्या बिळांत होते. घूसशेठ आला, त्याने मैदान हिंडून पाहिले. "छान आहे," तो म्हणाला. "फक्त प्रत्येकीच्या छातीवर माझी गेरूची खूण हवी. आणि कळपाला माझं नाव."

"कळपाला नाव आहे," भुरकी म्हणाली.

"होतं की. धान्य आहे का?"

तिने पोरींकडे पाहिले. त्यांच्या माना बारीक झाल्या होत्या. तिने खूण करू दिली. तो शेठ कंटाळला तेव्हा दुसरा आला, त्याची खूण हळदीची. तिसऱ्याची चुन्याची. नाव इतक्यांदा बदलले की लोक हाक मारताना अडखळत. तरी गोळा तोच होता, आणि भुरकी म्हणे की तेवढा वर राहिला म्हणजे झाले.

एका वर्षी चुन्याच्या शेठला बेडकांच्या शर्यतीची गोडी लागली. शर्यतीला गर्दी जास्त जमे. त्याने कळपाचा खेळण्याचा हक्क डोंगरापलीकडच्या एका तळ्याला देऊन टाकला. पोरी नाहीत, नुसता हक्क. पण हक्क जिथे जाईल तिथेच धान्य जाणार होते, म्हणून पोरीही निघाल्या.

तिकडची चिचुंद्री सामान न्यायला आली. तिने जाळी गुंडाळली.

"गोळा राहिला," भुरकी म्हणाली.

चिचुंद्रीने तो हुंगला. "जुनाट आहे. जडही झालाय. आमच्याकडे नवा आहे, भोपळ्याचा, रंगवलेला."

"आणि वाडगे?"

"ते कशाला? त्यावर आमचं नाव थोडंच आहे!"

पोरी उडायच्या आधी चिमी भुरकीपाशी आली. "मावशी, तुम्ही पण चला ना."

भुरकीने आपला एक पंख उघडून दाखवला. चिमी त्या बोथट कडेकडे बघत राहिली. तिने ते रोज पाहिले होते, पण कधी विचारले नव्हते.

"आम्ही मध्ये मध्ये येऊ," ती म्हणाली.

"ये हं," भुरकी म्हणाली. "आणि काटे बघून खात जा."

त्या उडाल्या. चुना लावलेल्या छात्या उन्हात चमकत डोंगराकडे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

भुरकीने गोळा वर उडवला. सवयीने मान डावीकडे वळवली, सारजाच्या जागेकडे. एकीने लागोपाठ दोनदा शिवायचे नाही, म्हणून ती थांबली. गोळा खाली आला आणि मऊ चिखलात बसला. इतक्या वर्षांत तो इथे पहिल्यांदाच असा पडून राहिला.

ती जवळ गेली. मग तिने खाली वाकून तो दोन्ही पंखांत धरला. धरून उभी राहिली आणि आजूबाजूला पाहिले. "सोड" म्हणायला कुणी नव्हते.

मोठ्या जत्रेतला वाडगा बाभळीच्या खालच्या फांदीला होता. दोर कुजला होता, ओढताच तुटला. तो तिने ढकलत ढकलत लव्हाळ्यापर्यंत नेला. जुन्या काड्यांचा ढीग पाण्याखाली खचला होता, पण जागा तिला बरोबर सापडली. तिथे वाडगा टेकवून तिने त्यात गोळा ठेवला. चोचीने त्याला लागलेला चिखल काढला. वरचा थर चिमीचा आणि त्या पोरींचा, त्याखाली सारजाचा, आणि आत कुठेतरी पहिल्या सहाजणींचा.

ऊन वर येत होते. भुरकीने पाय दुमडले, छाटलेले पंख दोन्ही बाजूंनी पसरले आणि अलगद त्यावर बसली. थोड्या वेळाने ती उठली, चोचीने गोळा हळूच उलटा केला, म्हणजे ऊब सगळीकडून लागावी, आणि पुन्हा बसली.