पुंडलिकाच्या मोटारीचा काटा

आमच्या शेजारी एक भोळा माणूस राहतो, पुंडलिक त्याचं नाव. घरात म्हातारी आई, तिला सगळे माई म्हणतात, आणि दारात वडिलांच्या वेळची काळी मोटार. गल्लीतली प्रत्येक मुलगी त्याच मोटारीतून सासरी गेली. आमच्या केतकीनं तर साखरपुड्यालाच बजावलं होतं, "आई, पुंडलिककाकांच्या मोटारीतूनच जाणार, नाहीतर जाणारच नाही."

आणि लग्न तोंडावर आलं असताना मोटारीतला तेलाच्या दाबाचा काटा पार शेवटाला जाऊन बसला.

मी कुंपणावर कपडे वाळत घालत होते, म्हणून मला कळलं. आमचे हे म्हणतात, सकाळपासून तेच दोन टॉवेल घालत होतीस. त्यांचं काय ऐकायचं!

पुंडलिक गेला इस्माईलभाई मिस्त्रींकडे. मी आपली मागोमाग गेले. केतकीची काळजी होती ना.

"इंजिन गार होतं का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"गारच होतं."

"मग तेल घट्ट असणार. दाब जास्तच दाखवणार. आधी गरम करायचं, मग बघायचं. आणि हे बघ, असाच दाब राहिला तर फिल्टर फुटेल, तेल सांडेल आणि नवरी वाटेत उभी राहील."

पुंडलिकानं मान डोलावली.

इंजिन गरम झालं. काटा हलेना. मिस्त्री म्हणाले, "तेलच जाड घातलंयस. पातळ घाल."

पुंडलिकानं पातळ तेलाचा डबा आणला आणि न उघडता थेट गॅसवर ठेवला. का? तर आधी गरम करायचं, मग बघायचं. झाकण उडालं. माईंचं अर्धं स्वयंपाकघर काळं झालं. नशीब, माई तेव्हा आमच्याकडे चहाला होत्या.

"अरे गाढवा, इंजिन गरम करायचं, डबा नाही!" मिस्त्री ओरडले.

"असं होय," म्हणाला पुंडलिक, आणि दुसरा डबा घेऊन आला.

तेल बदललं. काटा तिथंच. मिस्त्री म्हणाले, "कदाचित काटाच खोटं बोलत असेल. एकावर विश्वास ठेवू नये. दुसरा लावून बघावा."

पुंडलिकानं मान डोलावली. तो मान डोलवायला लागला की हल्ली मी आधी माईंना चहाला बोलावून घेते.

त्याच दिवशी मी त्याला म्हटलं, "पुंडलिका, जाता जाता गुरुजींना बोलावून आण रे. हळदीच्या मुहूर्ताचं विचारायचंय."

त्यानं दोन गुरुजी आणले.

"हे काय?"

"वहिनी, एकावर विश्वास ठेवू नये."

मुहूर्त दोघांचा एकच निघाला. पण पाटावर कोणी बसायचं यावरून जे जुंपलं, ते सोडवायला मला दोनदा शिरा करावा लागला.

दुसरा काटा लावला. तोही शेवटालाच. मग मात्र मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या आणि इंजिनाच्या कडेची एक बारकी झडप उघडली. आत गाळ साचून ती घट्ट बसली होती. त्यांनी ती धुतली, पुसली, जागेवर बसवली.

"हीच ती! दाब वाढला की जास्तीचं तेल हिनं बाजूला काढायचं आणि जिथून आलं तिथं परत धाडायचं. ही अडकली, म्हणून दाब वाढला. कळलं?"

"कळलं. जास्तीचं काढायचं, जिथून आलं तिथं धाडायचं."

पुंडलिकानं मान डोलावली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मिस्त्रींकडे बघितलं.

लग्न छान झालं. सकाळी नवरदेव, त्याची आई, आत्याबाई आणि दोन बहिणी यांना पुंडलिकानंच आणलं होतं. संध्याकाळी तेच पाचजण आणि आमची केतकी मोटारीत बसली. मी पदर तोंडाला लावून रडले. मोटार वळणापलीकडे गेली, तरी रडत होते.

पुढचं केतकीनं सांगितलं. नाक्याशी आत्याबाई म्हणाल्या, "अहो ड्रायव्हर, फार दाब पडतोय हो माझ्यावर!"

पुंडलिकानं मोटार थांबवली. "जरा सगळे उतरा. केतकी, तू बस गं."

मी अजून दारातच डोळे पुसत होते. बघते तर काय, मोटार परत आली, आणि मुंडावळ्यांसकट केतकी खाली उतरली.

"अरे पुंडलिका! हे काय केलंस?"

"वहिनी, आत्याबाईंवर दाब आला. सकाळी आणले पाच, नेत होतो सहा. मग जास्तीचं कोण? ही! जिथून आली तिथं आणून सोडली."

"आणि जावईबापू?"

"नाक्यावर उभे आहेत सगळे." त्यानं छाती फुगवली. "मिस्त्री म्हणाले होते, नवरी वाटेत उभी राहील. राहिली का?"

मला हसावं की रडावं कळेना. केतकी तर पायरीवर बसून हसत सुटली होती.

"या ना वहिनी, काटा तरी बघा," पुंडलिक म्हणाला.

बघायला नको होता. पण गेले. वाकून बघितला.

अगदी मधोमध होता.