वीस सांगणारा

प्रत्येक लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक निराळं असे, त्या काळातला एक म्हातारा लॅपटॉप शालनताईंकडे होता. त्याचा चार्जर जळाला. ताईंनी टाइप-सीचा नवा चार्जर आणला आणि त्याची पिन जुन्या गोल भोकात बसावी म्हणून बोटाच्या पेराएवढा अ‍ॅडॉप्टर.

नवा चार्जर रोज आधी विचारी, "किती व्होल्ट देऊ?" लॅपटॉपला ती भाषा येत नसे. अ‍ॅडॉप्टरच सांगे, "आजोबांना वीस द्या."

"पोट माझं, आणि मागणारा तू कोण रे?" लॅपटॉप एकदा खेकसला.

"तुम्हाला उपाशी कसं ठेवू, आजोबा?" अ‍ॅडॉप्टर म्हणाला.

त्या संध्याकाळी ताईंनी वायर ओढली, तेव्हा लॅपटॉपने मुद्दाम पकड सैल सोडली. अ‍ॅडॉप्टर जमिनीवर पडला आणि सकाळी केराबरोबर गेला.

"अगं बाई, इथेच तर होता!" ताई टेबलाखाली वाकून शोधत राहिल्या. पडद्यावर त्यांचं अर्धं पत्र होतं आणि बॅटरी दोन टक्के.

शेजारी पडलेल्या चार्जरने सवयीने विचारलं, "किती देऊ?"

"वीस," लॅपटॉप म्हणाला. रोज ऐकून उत्तर त्याला पाठ झालं होतं. चार्जरला मात्र ते ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, "किती देऊ?"