धुळीवर नेमलेला बगळा

एक जंगल होतं. तिथे सगळं जिथल्या तिथे होतं, धूळ तेवढी हवेत होती.

ती कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. सिंहमहाराज रोज सकाळी तळ्यावर पाणी प्यायला जात. तळं हाकेच्या अंतरावर, पण राजा एकटा कसा जाणार? पुढे वीस म्हशी, मागे वीस म्हशी आणि मधल्या गुबगुबीत म्हशीवर महाराज. वाटेच्या कडेला ठकू सशिणीचं बीळ होतं. लवाजमा गेला की निम्मी वाट बिळात यायची. ठकू झाडून काढायची, तिचे म्हातारे सासरे खोकायचे.

"मामंजी, तोंड मिटून खोका," ठकू म्हणायची. "उघडलंत की आणखी जाते."

मग निवडणूक आली. ऐन भाषणात महाराज डरकाळी फोडायला गेले आणि खोकला निघाला. सभा हसली. महाराजांनी तिथल्या तिथे घोषणा केली, "धूळमुक्त वाट, हीच आपली पहाट!" कोल्हाप्रधानांनी घाईघाईत कायदा लिहिला: वाटेवर एक पांढरा बगळा उभा करावा. बगळा मळला, तर दुसऱ्या दिवशी वाहनं बंद, सगळ्यांनी पायी जावं, राजानेसुद्धा. यातला 'राजानेसुद्धा' हा शब्द टाळ्यांसाठी होता. टाळ्या मिळाल्या, पण तो खोडायचा राहून गेला.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत बगळा चहाच्या रंगाचा झाला. प्रधान म्हणाले, आता तंत्रज्ञानाची मदत घेऊ. सोंडेने पाणी फवारायला एक हत्ती नेमला. हत्ती आज्ञाधारक, त्याने सगळं पाणी बगळ्यावरच फवारलं. वाट कोरडी राहिली. संध्याकाळच्या अहवालात आलं: बगळा शुभ्र आहे, फक्त शिंकतो.

तरी ठकूची तक्रार होतीच. मग सम-विषम योजना निघाली. पाय मोजले, तर जनावरांचे चार-चारच निघाले. तेव्हा विषम दिवशी प्रत्येकाने एक पाय वर धरून चालायचं ठरलं. चाळीस म्हशी तीन पायांवर निघाल्या आणि ओळीने आडव्या झाल्या. त्या दिवशीची धूळ शेजारच्या जंगलात पोचली. तिथल्या राजाने निषेधाचा खलिता धाडला. बगळा मात्र आधीपासूनच एका पायावर उभा असायचा. त्याचं कौतुक झालं आणि शास्त्रीय कारणास्तव त्याची बदली तळ्याच्या मधोमध, कमळाच्या पानांवर झाली. तिथे धूळ पोचत नव्हती. जंगलाची हवा उत्तम निघू लागली.

मामंजींचा खोकला मात्र बिळातच राहिला. दोन दिवस त्यांनी पाला तोंडात घेतला नाही, तेव्हा ठकू तळ्यावर गेली. दिवस विषम होता, त्यामुळे तीन पायांवर गेली.

"बगळेभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही धूळ मोजता की मासे?"

बगळ्याच्या चोचीत तेव्हा मासाच होता. तो त्याने सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न विचारता उडत आला आणि ठकूच्या बिळापाशी उभा राहिला. लवाजमा गेला. सगळ्या जंगलाने पाहिलं, बगळ्याचा गूळ झाला होता.

कायदा तो कायदा. दुसऱ्या दिवशी महाराज पायी निघाले. मागून कोल्हा, तोही हळू. धूळ उडाली नाही. मामंजी सकाळभर खोकले नाहीत. त्यांनी दोन गाजरं खाल्ली आणि तिसऱ्याला नावं ठेवली. ठकूने झाडणी कोपऱ्यात टेकवली.

महाराजांच्या पंजात काटा गेला होता.

संध्याकाळी फर्मान निघालं. सरकारी सेवेत असताना रंग बदलल्याबद्दल बगळा बडतर्फ. कायद्याला धक्का लावलेला नाही, महाराजांचा कायद्यावर पूर्ण विश्वास आहे. बगळ्याच्या जागी मात्र उकिरड्यावर लोळण्याचा दीर्घ अनुभव असलेले गर्दभशास्त्री यांची नेमणूक होत आहे.

सकाळी लवाजमा पुन्हा निघाला, आता साठ म्हशींचा. धूळ बसायला तासभर लागला. बसली तेव्हा वाटेवर गर्दभशास्त्री मजेत लोळत होते. आतून मामंजींचा खोकला ऐकू येत होता. ठकू झाडणी घेऊन बाहेर आली.

"काय शास्त्रीबुवा, कशी आहे हवा?"

गर्दभशास्त्रींनी आधी हवेकडे पाहिलं, मग स्वतःकडे.

"काही फरक दिसत नाही," ते म्हणाले, आणि तसा अहवाल गेला.