बाकी उरलेली चिमी

दोष म्हाताऱ्या रावजीचा होता, दुसऱ्या कुणाचाही नाही. फार मागे एका रानात तो रानकुत्र्यांचा म्होरक्या होता. शिकारीला चौघाचौघांच्याच टोळ्या निघायच्या, हा त्याचा नियम. एका संध्याकाळी एकोणतीस जण जमले. सात टोळ्या झाल्या आणि त्याची नात चिमी उरली.

"आजोबा, मी एका टोळीत पाचवी जाते ना!"

"चारने भाग गेला नाही की बाकी मागे राहते. मला गणित शिकवतेस?"

"पाच जण आले म्हणून हरीण काय तक्रार करणार आहे?"

पोरगी खरं बोलली, म्हणून तो जास्तच भडकला. बाकीचे म्हातारे नुसते माना डोलवत राहिले. तिला ओढ्याकाठी एकटीला बसवून सगळे निघून गेले. परतले तेव्हा तिथे रक्त होतं आणि बिबट्याचे ठसे होते.

रावजीला दुसरं नातवंड नव्हतं.