चहाला काय सांगायचं?

पाचवीला इंग्रजीतले अलंकार शिकवता शिकवता वाघुळदे बाई मेटाकुटीला आल्या होत्या. ‘टाइम फ्लाइज’ मुलांना एकदाचं कळलं, तोच तपासणीला आलेले निमकर साहेब कडाडले, "वेळेला पंख असतात? मुलांना खोटं शिकवता? शब्दाचा जो अर्थ, तेवढाच शिकवायचा! हा धडा आजपासून बंद!"

बाईंनी परोपरीनं समजावलं. पण साहेब ऐकतील तर शपथ! असल्या माणसापुढे करायचं तरी काय?

ओरडून ओरडून घसा कोरडा पडला, तसे साहेब खुर्चीत टेकले. "पुरे झालं, बाई. आधी चहा सांगा."

बाई हात जोडून म्हणाल्या, "सांगते की, साहेब. पण चहाला नेमकं काय सांगू?"

अख्खा वर्ग खो खो हसला.

"चालू द्या तुमचा धडा," साहेब पुटपुटले. चहा मागायची हिंमत मात्र त्यांना पुन्हा झाली नाही.